अमेरिकेची बंदूक आणि सुप्याचा बाजार

बंदुकीच्या इतिहासावर बोलावयाचे आम्ही कबूल केले तेव्हा बारामतीच्या पेठेतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस रस्त्यातच अडवले. म्हणाले, "काय हो पुढारी, संपाने भागेना म्हणून आता बंदूक काढली काय?" त्यांचा विनोद आम्ही हसून स्वीकारला, परंतु घरी आल्यावर मनात आले की, प्रश्न विनोदाचा नाही. ज्याच्या हाती बंदूक नाही त्याने आपला हक्क कसा मागावा, हाच तो प्रश्न होय. आमचे उभे आयुष्य ह्या एका प्रश्नात गेले आहे.

आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या रात्रपाळीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. लहानपणी जत्रेतल्या तंबूत आम्ही इंग्रजी चित्रपट पाहिले. धूळ उडवीत घोड्यावरून येणारा गोरा गुराखी, त्याच्या कमरेचे पिस्तूल, हातातली पितळी तोंडाची बंदूक, हे सारे आमच्या मनात घर करून बसले होते. पुढे वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, त्या बंदुकीचा काळ आणि आपल्या भीमथडीच्या मोठ्या दंग्याचा काळ एकच आहे. विंचेस्टर कंपनीची सर्वांत प्रसिद्ध बंदूक १८७३ सालची, आणि सुप्याच्या बाजारात सावकारांची खते जळाली ती १२ मे १८७५ रोजी. दोहोंमध्ये केवळ काळाचेच नव्हे, तर कार्यकारणाचेही नाते आहे. ते नाते उलगडून दाखवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्याकडची बंदूक पाहू. इंदापूर ही मालोजीराजांची जहागिरी. सुपे आणि पुणे शहाजीराजांची. ह्या मुलखात बंदूक परकी नव्हती. परंतु ती बहुधा तोड्याची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर गोळी सोडावयाची, गजाने ठासावयाची, कानात बारीक दारू घालावयाची, आणि मग पेटता तोडा चापाने कानावर टेकवावयाचा. पावसाची एक सर आली की तोडा विझला आणि बंदूक म्हणजे नुसती काठी झाली. पुढे गारेची बंदूक आली, नंतर टोपीची आली. तथापि ठासणी काही सुटली नाही. चांगला सराव झालेला शिपाईसुद्धा टोपीच्या बंदुकीने मिनिटाला तीन बार काढी. त्याहून अधिक नाही. शिवाय ती प्रत्येक बंदूक एका कारागिराने आपल्या हाताने घडवलेली असे. एकीचा घोडा दुसरीला बसत नसे.

अमेरिकेने जो फरक केला तो प्रथम येथेच केला. सॅम्युएल कोल्ट ह्या गृहस्थाने १८३६ साली फिरत्या चाकाच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट घेतले. चाकात गोळ्यांची घरे. घोडा मागे ओढला की चाक एक घर पुढे सरकते. कल्पना सुबक खरीच; परंतु आम्हां कामगारांच्या दृष्टीने मोठी गोष्ट निराळी आहे. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात आणि पुढे कोल्टच्या हार्टफर्ड येथील कारखान्यात यंत्रावर आणि मापांवर सुटे भाग बनू लागले. ज्याला मूळ कारागीर घडवी, कानशीने घासून बसवी, तो भाग आता यंत्रापाशी उभा असलेला साधा मजूर दिवसाला शेकड्यांनी काढू लागला. म्हणजे बंदूक स्वस्त झाली, आणि बंदूक करणारा हातही स्वस्त झाला. आज आपल्या एमआयडीसीत जो मुलगा एकच भोक दिवसभर पाडतो, त्याच्या नोकरीची कुळकथा तेथपर्यंत जाते. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात कोल्टची पिस्तुले मांडली गेली, तेव्हा इंग्रज चकित झाले. पुढे १८५४ साली त्यांनी आपली माणसे अमेरिकेस पाठवली, तेथील यंत्रे विकत घेतली, आणि ती एनफील्डच्या सरकारी कारखान्यात आणून बसवली.

एनफील्ड हे नाव आपल्याला परके नाही. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल हिंदुस्थानात आली, तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ चा वणवा पेटला. तो विझल्यावर इंग्रजांनी एक धडा मनाशी पक्का केला: देशी पलटणीच्या हाती नेहमी गोऱ्या पलटणीपेक्षा एक पिढी जुने हत्यार ठेवावयाचे. आता गंमत पाहा. १८६६ साली इंग्रजांनी जुन्या एनफील्डला मागून काडतूस भरण्याची जी सोय केली ती जेकब स्नायडर ह्या अमेरिकन माणसाची. १८७१ साली गोऱ्या शिपायांसाठी मार्टिनी-हेन्री रायफल मान्य झाली. तिच्या यंत्राचे मूळ बोस्टनच्या हेन्री पीबडी ह्याच्या १८६२ च्या पेटंटमध्ये आहे. देशी शिपायाला स्नायडर मिळाली ती गोऱ्यांच्या हाती मार्टिनी आल्यावर. आणि पुण्याजवळ खडकी येथे १८६९ साली काडतुसांचा कारखाना उभा राहिला. तेथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी हातांनी काडतुसे भरली. ती कोणावर झाडावयाची हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्या हातांना नव्हता.

आता विंचेस्टरकडे वळू. ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा सदरे शिवून विकणारा कारखानदार. त्याच्या कंपनीत हेन्री नावाच्या कारागिराने १८६० साली अशी बंदूक सिद्ध केली की, नळीखालच्या दुसऱ्या नळीत काडतुसे एकामागे एक भरून ठेवावयाची, आणि चापाभोवतीची लोखंडी कडी खालीवर केली की रिकामी पुंगळी बाहेर पडून नवे काडतूस आपोआप वर यावयाचे. १८६६ चा नमुना पितळी अंगाचा. तंबूत आम्ही पाहिलेली बंदूक तीच. १८७३ च्या नमुन्यात अंग लोखंडी झाले आणि लांब बंदुकीत पंधरा काडतुसे मावू लागली. त्याच साली कोल्टचे प्रसिद्ध सहाबारी पिस्तूल निघाले, आणि काही वर्षांनी दोन्ही हत्यारांत एकच काडतूस चालेल अशी सोय झाली. घरापासून शंभर मैल दूर राहणाऱ्या माणसाला ही सोय किती मोठी, हे सांगावयास नको.

ह्या हत्यारांनी काय केले? १८६२ सालच्या होमस्टेड कायद्याने अमेरिकन सरकार पश्चिमेकडची १६० एकर जमीन किरकोळ फी घेऊन, पाच वर्षे कसण्याच्या अटीवर देऊ लागले. आपल्या शेतकऱ्याला हे स्वप्नच वाटावे. परंतु ती जमीन रिकामी नव्हती. तेथे मूळ रहिवासी राहत होते आणि गव्यासारख्या रानटी बायसनांचे कळप चरत होते. शार्प्स कंपनीच्या जड, लांब पल्ल्याच्या बंदुकांनी आणि कातड्यांच्या व्यापाराने ते कोट्यवधी प्राणी १८८० च्या दशकाअखेर काही शेकड्यांवर आणून ठेवले. ज्यांचे अन्न, वस्त्र आणि निवारा त्या जनावरावर होता, ती माणसे आपोआप गुडघे टेकून छावण्यांत आली. आपल्या सुप्याच्या माळावर १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. तेथे चिंकारा अजून उड्या मारताना दिसतो. तो दिसला की आम्हांस त्या बायसनांची आठवण होते. बंदुकीला विवेक नसतो. विवेक कायद्यात आणि माणसांत असावा लागतो.

आता ह्या गोष्टीचा धागा आपल्या अंगणात कसा आला ते पाहू. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले. गुलामांच्या श्रमावर पिकणारा दक्षिणेकडचा कापूस अडकला. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा. तो मुंबईहून जाऊ लागला. भाव आकाशाला भिडले. पुण्याहून भिगवणजवळच्या डिकसळपर्यंत आगगाडी १८५८ सालीच आली होती. बांधकामांवर मजुरी मिळे, गाडीवानाला भाडे मिळे, धान्याला भाव मिळे. सावकारही मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागला. त्याच भरात जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी आली. येथे एक गोष्ट इंदापूरकरांनी अभिमानाने नव्हे, पण ध्यानात ठेवावी. मुंबई इलाख्याची प्रसिद्ध रयतवारी मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी सुरू केली ती इंदापूर तालुक्यात, १८३५-३६ साली. तीस वर्षांची मुदत भरली आणि १८६६-६७ साली फेरआकारणी प्रथम इंदापुरातच झाली. सारा चढला तो तेजीच्या भावांकडे पाहून. आणि तोवर युद्ध संपून भाव कोसळू लागले होते.

पुढचे आपण जाणतोच. उत्पन्न उतरले, सारा चढला, सावकाराने हात आखडला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांची ठरवली होती. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. दर तीन वर्षांनी नवे खत लिहावयाचे, मागचे व्याज मुद्दलात घालावयाचे, आणि अंगठा उठवावयाचा. ज्याला अक्षर येत नाही तो कशावर अंगठा उठवतो हे त्याला कळत नसे. कोर्टात हुकूमनामा झाला की तेवढे कळे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावच्या लोकांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांचे शेत कसावयाचे नाही, पाणी भरावयाचे नाही, दाढी करावयाची नाही. ही हकिगत आम्ही प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. आम्ही ज्याला संप म्हणतो तो ह्या मुलखाने कोणत्याही संघटनेचे नाव कानी येण्याआधीच करून दाखविला होता.

आणि मग सुपे. १२ मे १८७५, बुधवार, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतील रयत जमली आणि सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चालून गेली. लोकांनी मागितली ती खते आणि वह्या. हाती आले ते कागद रस्त्यात जाळले. चोवीस तासांत आग चौदा मैलांवरच्या गावी पोचली. मग भीमथडी, इंदापूर, पुरंदर, शिरूर आणि तिकडे नगर जिल्ह्यातील गावे पेटत गेली. दुकाने लुटली गेली, गंजी जळाल्या, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सावकारांत बरेचजण परमुलखातून आलेले, बायकामुलांसह घाबरून पळाले. त्यांचेही दुःख खरेच होते. परंतु चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनाच नवल वाटले ते असे की, खते निमूटपणे काढून दिली तेथे बहुधा पुढे काही झाले नाही, आणि सावकाराच्या अंगाला गंभीर इजा झाल्याचे प्रसंग फारच थोडे. रयतेचे वैर माणसाशी नव्हते, कागदाशी होते.

लष्कर आले, पोलीस आले. पुणे जिल्ह्यात ५५९ आणि नगर जिल्ह्यात ३९२, मिळून ९५१ माणसे धरली गेली; पैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७६ साली तयार झाला. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला. शेवटी १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. कोर्टाने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार पाहावा, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशी त्यात सोय होती. ह्या कायद्याने सावकारी संपली असे कोणी समजू नये. गहाणखताऐवजी खरेदीखत करून घ्यावयाची युक्ती सावकारांनी लवकरच काढली. तरीसुद्धा, रयतेचे दुःख सरकारी दप्तरात कायमचे नोंदले गेले आणि कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली, ही गोष्ट लहान नव्हे.

ह्या दोन घटनांच्या मध्ये, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा आला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. ज्या काळी नेब्रास्कातला शेतकरी दुकानातून किराण्याबरोबर विंचेस्टर आणत होता, त्याच काळी भीमथडीच्या शेतकऱ्याला रानडुकरासाठी ठासणीची बंदूक ठेवावयास परवाना लागू लागला. ही विषमता पाहूनच काँग्रेसने पुढे वर्षानुवर्षे त्या कायद्याविरुद्ध ठराव केले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके ह्यांनी रामोशी साथीदारांसह बंड उभारले. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केलेला हा माणूस, दुष्काळाने पेटून उठला. त्यांच्यापाशी तलवारी, भाले आणि थोड्या बंदुका; समोर इंग्रजांची काडतुसी रायफल. काही महिन्यांतच ते पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले. त्यांच्या धैर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु तो सामना मुळात समान नव्हता.

अमेरिकेत कोल्टच्या पिस्तुलासंबंधी एक बोल रूढ झाला. त्याचा भावार्थ असा की, देवाने लहानमोठी माणसे केली, कोल्टने त्यांना सारखे केले. हा बोल आम्हांस फार दिवस खरा वाटे. वाचता वाचता तो खोटा ठरला. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी मूळ रहिवाशांनी कस्टरची तुकडी समूळ कापून काढली. सैनिकांपाशी एकबारी बंदुका होत्या. उलट रहिवाशांपैकी कित्येकांच्या हाती हेन्री आणि विंचेस्टर होत्या, हे १९८४ साली त्या जागी उकरून काढलेल्या पुंगळ्यांवरून सिद्ध झाले. म्हणजे त्या दिवशी चांगले हत्यार त्यांच्याकडे होते. तरी जमीन गेलीच. कारण काडतूस करणारा कारखाना, आगगाडी आणि कायदा ही तिन्ही दुसऱ्याच्या हाती होती.

दुसरे उदाहरण तर आमच्याच धंद्यातले. पेनसिल्व्हेनियात होमस्टेड नावाचेच एक पोलादाचे गाव आहे. १८९२ साली तेथे कार्नेगी कंपनीने कामगारांची संघटना मोडावयाचे ठरवले. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन कंपनीचे तीनशे भाडोत्री रखवालदार पडावांत बसून नदीने आले. त्यांच्यासाठी विंचेस्टर बंदुका होत्या. काठावर कामगार उभे, त्यांच्याही हाती बंदुका. दिवसभर गोळ्या चालल्या, दोन्ही बाजूंची माणसे पडली, आणि अखेर पिंकर्टनांनी शरणागती पत्करली. कामगार जिंकले! परंतु थोड्याच दिवसांत राज्याचे हजारो सैनिक आले, कारखाना नव्या माणसांनी सुरू झाला, संघटना मोडली. अमेरिकेच्या मोठ्या पोलाद कंपनीने कामगार संघटना मान्य केली ती १९३७ साली, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. आणि तीही बंदुकीने नव्हे.

येथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी ह्या भागातील एका कारखान्याच्या फाटकावर आम्ही बसलो होतो. हंगामाचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. फाटकाच्या आत दोन रखवालदार दुनळ्या घेऊन उभे केले होते. दुसऱ्या रात्री एक तरणा पोरगा आमच्या जवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, "अण्णा, चुलत्याकडे परवान्याची दुनळी आहे. आणू का? उडवत नाही, नुसता खांद्याला लावून उभा राहतो."

आम्ही सर्वांदेखत त्याच्यावर ओरडलो. "तू बंदूक आणलीस की उद्या पंचनामा बंदुकीचा होईल, पगाराचा होणार नाही. घरी जा आधी."

तो गेला. मग आम्ही ज्याच्या त्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, हजेरी जुळवली, एकेकाचा हिशेब मांडला आणि दावा लावला. निकालास चौदा महिने लागले. पैसे मिळाले, सगळे नव्हे, पण बरेच मिळाले. त्या अवधीत दोन म्हातारे वारले. त्यांच्या बायकांच्या हाती रक्कम देताना आमची मान वर होत नव्हती. हिशेब मांडताना आणखी एक गोष्ट उमगली: फाटकाआतील त्या दोन्ही रखवालदारांचा पगारही थकलेला होता. त्यांची नावे आम्ही यादीत घातली.

तो पोरगा मात्र संघटनेत परत आला नाही. बंदूक आणू नको म्हणालो ते बरोबर होते, हे आजही सांगतो. चारचौघांत त्याचा पाणउतारा केला ते चुकले. त्याचा राग खोटा नव्हता. सुप्याच्या बाजारात काडी ओढणाऱ्याचा राग जसा खरा होता, तसाच तो होता. रागाला काम द्यावे लागते. त्या रात्री त्याच्या हाती आम्ही चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला असता तर तो कदाचित आज आमच्या जागी उभा असता.

म्हणून त्या पेठेतील वडीलधाऱ्या गृहस्थांना आमचे उत्तर असे: बंदूक काढलेली नाही, तिचा इतिहास काढला आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केले. ज्या साली विंचेस्टरची ती बंदूक निघाली, तेच हे साल. एकाच देशातून एकाच वेळी दोन गोष्टी आल्या, आणि पुण्याच्या एका माणसाने त्यांतली कोणती घ्यावयाची ते ओळखले. इंदापूरचा शेतकरी आज वाचू शकतो. आपण ज्यावर सही करतो तो कागद आधी दोनदा वाचून घ्यावा, आणि शेजाऱ्याला वाचता येत नसेल तर त्यालाही वाचून दाखवावा. त्या दंग्यात ५०१ माणसांनी शिक्षा भोगली ती ह्या एका गोष्टीसाठी, असे आम्ही समजतो.